तेवीस जादा खुर्च्या

ज्या कागदावर मी सही केली तो कागद मी वाचला नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी शहाणपणा करून विचारायला नको. माझ्या बायकोने, सोहैरने, हा प्रश्न आतापर्यंत सतरा वेळा विचारलाय. "अठरा वर्षं गणित शिकवलंत ना हो तुम्ही? मग मोजलं का नाहीत?" सतराही वेळा मी चहाच्या कपात बघत बसलो, कारण याचं उत्तर कपात नाही आणि माझ्याकडेही नाही.

म्हणजे उत्तर आहे, पण ते आमच्या गावचा माणूसच समजू शकेल. सप्टेंबरात मला प्राथमिक शाळेचा मुख्याध्यापक केलं आणि उस्ताद शौकत यांच्याकडून चार्ज घ्यायला सांगितलं. उस्ताद शौकत बावीस वर्षं त्या खुर्चीत होते. अर्ध्या गावाला त्यांनी अलिफ-बे शिकवलं आणि उरलेल्या अर्ध्याच्या कानाखाली वाजवली. त्यांनी मला मिठी मारली, दोन्ही गालांचे मुके घेतले, पुदिन्याचा चहा मागवला, रव्याच्या मिठाईचा आख्खा तुकडा स्वतःच्या हाताने माझ्या तोंडात कोंबला, आणि मग डेडस्टॉक रजिस्टर पुढे सरकवलं. खुर्च्या एकशे चाळीस. बाकडी शहाण्णव. कपाटं, फळे, घंटा, पृथ्वीचा एक गोल.

मिठाई गिळून मी म्हटलं, "एकदा मोजून घेऊ का, उस्ताद?"

त्यांनी रजिस्टर परत स्वतःकडे ओढलं. मग हळूच म्हणाले, "मोज ना बेटा. बावीस वर्षांनंतर तूही मोजून घे. शौकत चोर होता की नव्हता, ते तरी कळेल लोकांना."

आता सांगा. निवृत्तीच्या दिवशी म्हाताऱ्या माणसासमोर त्याच्या खुर्च्या मोजणं म्हणजे चारचौघांत त्याच्या तोंडात मारणं. मी लाजलो, माफी मागितली आणि सही केली. ते लगेच खुलले. त्यांनी मिठाईचा दुसरा तुकडा कोंबला, तोही मी गिळला.

चौथ्या दिवशी शाळा भरली तेव्हा पहिलीच्या वर्गात ब्याण्णव मुलं निघाली, एका खोलीत. एका बाकड्यावर चार आणि खिडकीत दोन. बाईंना फळ्यापर्यंत पोचायला मुलांच्या डोक्यांवरून हात फिरवत जावं लागे. मी शिक्षण कार्यालयाला कळवलं. तिथून तीन दिवसांत उत्तर आलं. आमच्या कार्यालयाकडून तीन दिवसांत उत्तर येणं हा वाईट शकुन, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. लिहिलं होतं: पंधरा ऑक्टोबरपर्यंत शाळेने जादा वर्गखोली दाखवावी. न दाखवल्यास पहिलीची निम्मी मुलं अकारविल्हे हायवेपलीकडच्या शाळेत दुपारच्या पाळीला पाठवावीत. सोबत यादी जोडली आहे. मुख्याध्यापकांनी सही करून परत करावी.

हा हायवे आमच्या सगळ्यांच्या ओळखीचा. कांद्याचे ट्रक, उसाचे ट्रक, मधे मायक्रोबस, आणि पूल बांधणार बांधणार म्हणून मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. शाळेच्या फाटकासमोर हज्जा तफीदा तामिया, म्हणजे डाळीचे वडे, तळते. तिचा मुलगा दोन वर्षांपूर्वी त्याच रस्त्यावर अपघातात गेला. त्याची जुळी मुलं पहिलीत होती. एकाचं नाव आदम आणि दुसऱ्याचं यह्या. आमच्या अक्षरमालेत एक अगदी पहिल्या टोकाला आणि एक अगदी शेवटच्या. आदम इथे राहणार होता आणि यह्याला रस्ता ओलांडायचा होता.

हज्जाने मला एकदाच विचारलं. कढईवरून नजरही वर केली नाही. "मुनीर, यह्याचं नाव त्या यादीत आहे म्हणतात."

"ती यादी जाणार नाही, हज्जा," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली आणि मला दोन तामिया जास्त दिल्या.

खोली नव्हती असं नाही, संताप त्याचाच आहे. पडवीच्या टोकाला नऊ नंबरची चांगली ऐसपैस खोली होती. उत्तरेला खिडक्या, छतही गळत नव्हतं. पण ती जमिनीपासून छतापर्यंत मोडक्या खुर्च्यांनी भरलेली. तीन पायांच्या, दोन पायांच्या, नुसत्या पाठी, नुसत्या बैठका. मी शिपायाला, खलाफ चाचाला म्हटलं, "चला, बाहेर काढून फेकू."

खलाफ चाचा शाळेत अठ्ठावीस वर्षं आहे. त्याने माझ्याकडे ज्या दयेने बघितलं ती मी विसरणार नाही. "साहेब, सरकारी खुर्ची मोडली म्हणून मरत नाही. ती रजिस्टरात जिवंत असते. तुम्ही फेकलीत तर तुम्ही चोर."

म्हणून निर्लेखन, म्हणजे मोडकी वस्तू रजिस्टरातून रीतसर कमी करणं. निर्लेखनासाठी मॅडम इन्शिराह. शिक्षण कार्यालयातल्या डेडस्टॉकच्या टेबलावर त्या वीस वर्षं आहेत आणि मी गेलो तेव्हा भात भरायची वांगी कोरत होत्या. फाईल डावीकडे, वांग्यांची टोपली उजवीकडे.

"उद्या या," त्या म्हणाल्या.

मी उद्या गेलो. त्या परत उद्या या म्हणाल्या. तिसऱ्या उद्याला मी म्हटलं, "मॅडम, मी मुख्याध्यापक आहे. शाळा सोडून येतो."

"मग रिकामे का बसलात?" त्यांनी दुसरी सुरी पुढे केली. "दहा वांगी कोरून द्या, तोवर मी अर्जाचा नमुना शोधते."

मी, पदवीधर, अठरा वर्षांची नोकरी, दोन हजार मुलांना अपूर्णांक शिकवलेला माणूस, सरकारी कार्यालयात खिडकीशी बसून वांगी कोरली. त्यातल्या दोनांना भोक पडलं. मॅडम म्हणाल्या, "खलाफ बरं कोरतो." नमुना मात्र मिळाला.

घरी येऊन सांगितलं तर गल्लीभर सल्ले. न्हावी म्हणाला, खुर्च्या भाकरीच्या भट्टीवाल्याला द्या आणि आग लागली म्हणून लिहा. औषधवाल्या डॉक्टर नागींनी वर्तमानपत्रात पत्र लिहायला सांगितलं. पत्राचा मसुदा त्यांच्याकडे तयारच होता, फक्त तो गटाराबद्दल होता. वरच्या मजल्यावरचे निवृत्त लेफ्टनंट म्हणाले, "मुनीर, तू आवाज चढवत नाहीस, तिथेच चुकतं." माझ्या सोहैरने हे दारातून ऐकलं आणि इतकी हसली की तिला बसावं लागलं. घरात माझा आवाज चढतो, एवढंच तिचं म्हणणं.

सहा ऑक्टोबरला तीन माणसांची समिती आली. मॅडम इन्शिराह पुढे, मागे दोन गप्प गृहस्थ. खलाफ चाचाने खुर्च्या अंगणात काढल्या, वर्गांतल्याही आणल्या. मोजणी झाली. परत मोजणी झाली. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"एकशे त्रेसष्ट."

मला क्षणभर आनंद झाला. मला वाटलं होतं कमी भरतील. म्हटलं, "वा, जास्तच निघाल्या की."

मॅडमचा चेहरा उतरला होता. दोघे गृहस्थ दोन पावलं मागे सरकले. "उस्ताद मुनीर," त्या म्हणाल्या, "कमी निघाल्या तर ती चोरी. चोरीला नमुना आहे, पोलीस आहेत, सगळं आहे. जादा तेवीस खुर्च्या कुठून आल्या? याला नमुना नाही."

"मग जादाच्या सोडून द्या. आमच्या एकशे चाळीसांतल्या मोडक्या तेवढ्या काढून टाका."

"कुठल्या एकशे चाळीस?"

मी अंगणातल्या त्या ढिगाकडे बघितलं. सगळ्या सारख्याच मोडलेल्या, खालचे नंबर कधीच पुसून गेलेले.

म्हणून त्यांनी वर्गांतल्या चांगल्या खुर्च्या वर्गांत पाठवल्या, मोडक्या सगळ्या परत नऊ नंबरात कोंबल्या आणि दाराला लाल लाखेचं सील लावलं. चौकशी होईपर्यंत खोली बंद. चौकशी सहामाही परीक्षेनंतर. म्हणजे सप्टेंबरात ती खोली नुसती भरलेली होती, आता मी तीन आठवडे खपून ती कायद्याने भरलेली करून ठेवली. पंधरा तारखेला नऊ दिवस उरले होते.

त्या दुपारी मी खलाफ चाचाला माझ्या खोलीत बोलावलं आणि दार लावलं. "तेवीस खुर्च्या शाळेत चालत आल्या का?"

त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "साहेब, गल्लीत कोणी वारलं की शोकाच्या बैठकीला खुर्च्या कुठून येतात?"

"शाळेतून."

"आणि पुरल्या नाहीत की?"

"हंदूसाच्या कॉफीच्या दुकानातून." बोलता बोलता माझ्या डोक्यात प्रकाश पडायला लागला आणि तो प्रकाश मला नको होता.

"तीन दिवसांनी परत द्यायच्या असतात," खलाफ चाचा म्हणाला. "घरातली माणसं रडत असतात. खुर्च्या कोण बघतो? हंदूसाचा माणूस चांगल्या उचलून नेतो. आपल्याकडे येतात त्या उरलेल्या. दर मयताला एक-दोन जास्तच येतात. दिलेली खुर्ची परत ढकलणं बरं दिसतं का? दुःखाचं घर असतं."

मी उठून थेट हंदूसाकडे गेलो. त्याच्याकडे रोज संध्याकाळी मी सोंगट्या खेळतो, गेली अकरा वर्षं, खांबाजवळच्या ठरलेल्या खुर्चीवर. ती उलटी केली. खाली पांढऱ्या रंगात शाळेचं नाव आणि नंबर एकाहत्तर. अकरा वर्षं मी माझ्याच शाळेच्या खुर्चीवर बसून हरत होतो.

"घेऊन जा की," हंदूसा शांतपणे म्हणाला. "पण माझ्या तेवीस मला परत हव्यात."

"त्या मोडक्या आहेत. आणि सीलबंद आहेत."

"मग मी या कशा देऊ? धंदा उभ्याने करू?"

मला इतका राग आला की सोंगट्यांचा पट बंद करताना माझं बोट चेंगरलं. राग हंदूसाचा नव्हता, खलाफचा नव्हता. उस्ताद शौकतचा होता. बावीस वर्षं त्या माणसाला हे माहीत असणार. म्हणून मोजू दिलं नाही. म्हणून तो मिठाईचा तुकडा. मी ठरवलं, उद्या सकाळी त्यांच्या घरी जाऊन तोंडावर बोलायचं. रात्रभर मी वाक्यं जुळवली. चांगली जुळली होती. एकातही शिवी नव्हती, पण लागली असती.

सकाळी सात वाजता मशिदीच्या भोंग्यावरून सांगितलं की उस्ताद शौकत गेले. झोपेतच गेले.

या माणसाने निवृत्तीनंतर महिनाभर तग धरला, आणि मी जाऊन भांडायच्या बरोबर एक तास आधी सुटला. माझी सगळी वाक्यं तशीच राहिली. मेलेल्या माणसावर रागावता येत नाही, म्हणून मी आणखीच चिडलो आणि चिडलेल्या तोंडाने त्यांच्या घरी सांत्वनाला गेलो. त्यांची बायको दाराशी बसली होती. मी रीतीप्रमाणे म्हटलं, "त्यांचं उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो."

तिने माझा हात धरला. "तुम्हीच मुनीर ना? तुमचंच बोलत होते चार दिवस. म्हणत होते, पोराने मोजलं नाही. मीही मोजलं नव्हतं, मला आधीच्याने मोजू दिलं नाही. त्याला जाऊन सांगायला हवं, पण लाज वाटते."

मी हात सोडवून घेतला आणि गल्लीच्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलो. डोळे पुसले. तेही रागानेच.

दुपारी शाळेसमोर गाडी थांबली. शिक्षणाधिकारी मुख्तार बे स्वतः. हे उस्ताद शौकतचे विद्यार्थी, कानाखाली खाल्लेल्या निम्म्यातले. बैठकीला खासदार येणार होते, जिल्ह्यातून माणसं येणार होती, आणि मंडपवाल्याच्या सगळ्या खुर्च्या एका लग्नात अडकल्या होत्या.

"शाळेच्या खुर्च्या काढा," ते म्हणाले. "सगळ्या. दोनशे माणूस येईल."

"चांगल्या साठ-सत्तर आहेत, साहेब. बाकीच्या नऊ नंबरात. तिला सील आहे."

"मग काढा सील. शौकत उस्तादांसाठी लोक उभे राहतील काय?"

"मोडक्या आहेत."

"मागच्या रांगेत ठेवा, भिंतीला टेकवून. हे मी शिकवायचं का तुम्हाला?"

आणि इथे माझ्यातला तो अठरा वर्षांचा गणिताचा मास्तर पहिल्यांदा जागा झाला. "लेखी द्या," मी म्हटलं.

"काय?"

"लेखी द्या, साहेब. मी यापुढे वाचल्याशिवाय, लिहून घेतल्याशिवाय काहीही करणार नाही. माझ्या हातून एक सही झालीय, ती मला पुरेशी आहे." आवाज चढला होता. वरच्या मजल्यावरच्या लेफ्टनंटना ऐकू गेला, असं नंतर त्यांनी अभिमानाने सांगितलं.

मुख्तार बे कागद शोधायला लागले. माझ्या खिशात एकच कागद होता, त्रेपन्न वेळा घडी घातलेला. मी तो उलटा करून टेबलावर ठेवला. त्यांनी घाईघाईत लिहिलं: नऊ नंबर खोलीचं सील काढावं व शाळेतील सर्व खुर्च्या कै. उस्ताद शौकत यांच्या शोकबैठकीसाठी द्याव्यात. खाली सही. मी म्हटलं, कार्यालयाचा गरुडाचा शिक्काही हवा. त्यांनी दात खात ड्रायव्हरला कार्यालयात पिटाळलं. शिक्का आला आणि बसला.

शिक्का बसल्यावर मी कागद सुलटा केला. ती यादी होती. सेहेचाळीस मुलं, शेवटचं नाव यह्या. मुख्तार बेंनी ती बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"ही तर मला परत यायची आहे."

"आता ती डेडस्टॉकची फाईल झाली, साहेब. आदेश आहे तिच्यावर, तुमचा. आदेशाची मूळ प्रत शाळेतच राहते."

त्यांनी पेन खिशात टाकलं. मयताची घाई होती.

गल्लीतली सगळी माणसं आली. न्हावी, डॉक्टर नागी, हंदूसाची पोरं, हज्जा तफीदाचे भाचे. तासाभरात नऊ नंबर रिकामं झालं. आमच्याकडे चौकशीसाठी, वर्गासाठी, देवासाठीही एखादं दार लवकर उघडणार नाही, पण मयताच्या खुर्च्यांना कोणी अडवत नाही. अंगणात पाणी मारलं. खोलीत इतकी धूळ होती की खलाफ चाचा दोनदा बाहेर येऊन खोकला.

मावळतीच्या नमाजानंतर बैठक सुरू झाली. बसायची व्यवस्था माझ्याकडे होती. इथे मी एक नीच गोष्ट केली, तीही सांगून टाकतो. मी तीन पायांची एक खुर्ची निवडली, चौथा पाय दोरीने बांधला आणि ती पहिल्या रांगेत ठेवली. खलाफ चाचा कानाशी आला. "साहेब, ती मोडकी आहे."

"माहीत आहे."

"तिथे मुख्तार बे बसणार."

"तेही माहीत आहे."

मुख्तार बे आले, त्या खुर्चीवर बसले, बिनसाखरेची कॉफी घेतली, पायावर पाय टाकला. खुर्ची कुरकुरलीसुद्धा नाही. मी मात्र चांगली, दणकट, हंदूसाकडून मुद्दाम मागवलेली नंबर एकाहत्तर घेऊन दुसऱ्या रांगेत बसलो. कुराण पठण करणारे शेख श्वास घ्यायला थांबले, सगळा मंडप शांत झाला, आणि माझ्या खालून चारही पाय एकदम गेले. अकरा वर्षं सहन केलं होतं तिने. खासदार वळून बघायला लागले. मुख्तार बेंनी मला हाताला धरून उभं केलं आणि पाठीवरची धूळ झटकत म्हणाले, "फार जीव होता तुमचा उस्तादांवर."

तीन दिवसांनी खुर्च्या परत यायची वेळ आली. मी कोणाला आठवण केली नाही, कोणी आणल्याही नाहीत. चांगल्या तेवढ्या खलाफने वर्गांत लावल्या. मोडक्यांचं काय झालं ते मला माहीत नाही. भट्टीवाल्याची भाकरी त्या आठवड्यात छान भाजली होती, एवढं खरं. हंदूसाने एका सकाळी न बोलता एकोणीस खुर्च्या फाटकात आणून ठेवल्या, सगळ्यांच्या खाली आमचा नंबर. बाकीच्या तुटल्या म्हणाला. मी विचारलं नाही. त्याचं गिऱ्हाईक आता बाकांवर बसतं.

पंधरा तारखेला मॅडम इन्शिराह आल्या, वांग्यांची पिशवी खांद्याला. नऊ नंबरात सेहेचाळीस मुलं आणि एकोणीस खुर्च्या; वाटणी मी अकारविल्हे केली नव्हती, भावंडं तोडली नव्हती. दोन-दोन, कुठे तीन-तीन. दारात उभ्या राहून त्यांनी विचारलं, "जादा खुर्च्या?"

"बैठकीला दिल्यात. साहेबांच्या आदेशाने." मी कागद दाखवला.

"परत कधी येणार?"

"शोक संपला की. त्याला किती दिवस लागतात ते मुख्तार बेंना विचारा. त्यांचेच उस्ताद होते."

मॅडमनी शिक्का बघितला, सही बघितली. मग पिशवीतून नमुना काढला: जादा वर्गखोली उपलब्ध, विद्यार्थी सेहेचाळीस. पेन माझ्या हातात दिलं. "करा सही. मला वांगी उकडायला टाकायची आहेत."

"मोजून करतो," मी म्हटलं.

"अहो, दिसतायत की मुलं."

"मोजून करतो, मॅडम."

मी पहिल्या रांगेपासून बोट फिरवत गेलो. पंचेचाळीस भरले. परत मोजलं. पंचेचाळीस. फाटक उघडं होतं, पलीकडे हायवेवर ट्रकचा भोंगा वाजत होता. बाईंना विचारलं, "यह्या कुठाय?"

"इथेच," आदम म्हणाला आणि बाजूला सरकला. त्याच्या पाठीमागे, त्याच खुर्चीवर, भिंतीकडे तोंड करून यह्या बसला होता आणि दप्तरातून आजीच्या तामियाचा तुकडा चोरून खात होता.

मी त्याला इतक्या जोरात रागावलो की बाई दचकल्या. मग वाकून खुर्चीखालचा नंबर बघितला, आमचाच होता, दोघांच्या डोक्यांवर हात ठेवून परत एकदा पहिल्यापासून मोजलं, सेहेचाळीस झाले तेव्हा सही केली.